पायाला भिंगरी असलेल्या बाळाचा पहिला विमानप्रवास

चालायला लागून सहा-आठ महिने झालेले आणि एका जागी दोन मिनिटेही न टिकणारे मूल घेऊन विमानात बसायचे म्हटले, की घरातून दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘आत्ताच कशाला, जरा मोठे होऊ द्या’, आणि दुसरा, ‘झोपवून न्या’. आमची कन्या २१ महिन्यांची असताना आम्ही तिला नाशिकजवळच्या ओझरहून हैदराबादला तिच्या मावशीकडे घेऊन गेलो, तेव्हा पहिला सल्ला मानणे शक्य नव्हते आणि दुसरा मानण्याची इच्छा नव्हती. त्या प्रवासात लक्षात आले ते असे, की मुलाला दीड तास गप्प बसवणे हे आपले काम नसतेच. पट्टा बांधून जागेवर राहणे खरोखर सक्तीचे असते ते विमान उडताना आणि उतरताना, म्हणजे दोन्ही वेळा मिळून साधारण ४० ते ५० मिनिटे. मधल्या वेळात मूल मांडीवर उभे राहू शकते, खिडकीला नाक लावू शकते, बोट धरून चार पावले चालूही शकते. म्हणून तयारीचा सगळा जोर या दोन तुकड्यांवर लावावा आणि त्यांच्या आधी मुलाला मनसोक्त पळू द्यावे. पुढे जे सांगितले आहे ते याच हिशेबाने सांगितले आहे.

तिकीट काढताना

नाशिककरांपुढचा पहिला प्रश्न म्हणजे ओझर की मुंबई. ओझरचा विमानतळ शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. मुंबईचा सुमारे १७० किलोमीटरवर. मुंबईहून वेळांची निवड भरपूर असते आणि तिकीटही पुष्कळदा स्वस्त पडते, हे खरे. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाटातली वळणे आणि त्या वळणांवरच्या उलट्याही टाळता येतात. तरीही विमानात पाऊल ठेवण्याआधीच मुलाला तीन-चार तास मोटारीत बांधून ठेवावे लागते आणि त्याच्याजवळची बसण्याची सगळी शिल्लक रस्त्यावरच खर्च होऊन जाते. जिथे जायचे आहे तिथे ओझरहून थेट विमान असेल, तर दोन-तीन हजार रुपये जास्त मोजावे लागले तरी ओझरच निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ओझरहून जाणारी विमाने मोजकी असल्याने मुलाच्या झोपेच्या वेळेला जुळणारे विमान मिळेलच असे नाही. त्याची फार चिंता करू नये, कारण नव्या जागेच्या अपूर्वाईत ही मुले झोपेची वेळ साफ विसरतात.

दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसून जाते आणि त्याच्यासाठी देशांतर्गत प्रवासात ठरावीक शुल्क भरावे लागते. दोन वर्षे पूर्ण झाली की स्वतंत्र आसन आणि स्वतंत्र तिकीट लागते. प्रवासाच्या दिवशीचे वय धरले जाते, त्यामुळे जाणे आणि येणे यांच्या मध्ये दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीचे तिकीट आसनासह काढावे लागते. वयाचा पुरावा म्हणून महानगरपालिकेचा जन्मदाखला जवळ ठेवावा, त्याची एक छापील प्रत वेगळ्या पिशवीत ठेवावी, आणि मूल हातात असताना मोबाइलमध्ये फाइल शोधण्याची वेळ स्वतःवर आणू नये. तिकिटे एकाच आरक्षणात काढावीत. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच आरक्षणातील आई किंवा वडील यांच्यापैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यावी, अशी सूचना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये विमान कंपन्यांना केली आहे. आरक्षणे वेगवेगळी असली की तिचा उपयोग होत नाही.

मुलाला खिडकीकडे ठेवावे आणि मार्गिकेच्या बाजूला आपण बसावे, म्हणजे सुटायचा रस्ता आपोआप बंद होतो. पहिल्या ओळीचा मोह पुष्कळांना होतो, कारण तिथे समोरच्या माणसाच्या पाठीत लाथा बसत नाहीत. परंतु त्या ओळीत उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी पायाशी पिशवी ठेवता येत नाही, आणि नेमका त्याच वेळी आपल्याला पिशवीतला सगळा दारूगोळा लागतो. ओझरहून काही मार्गांवर पंख्यांची छोटी विमाने जातात. त्यांत एका बाजूला दोनच आसने असल्याने आई-बाबांना आपली अशी ओळ मिळते आणि पंख वरच्या बाजूला असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक खिडकीतून जमीन दिसते. पंख्यांच्या रेषेतल्या ओळी मात्र फार घरघरतात, त्या टाळाव्यात. या विमानांत डोक्यावरचे कप्पेही लहान असतात, तेव्हा हातातली बॅग मऊ आणि चेपता येण्याजोगी असलेली बरी.

घरातली तालीम

प्रवासाच्या आधी आठवडाभर आम्ही एक खेळ खेळलो, आणि या सगळ्या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ती ही करावी. विमानात डोक्यावर पट्ट्याचा दिवा लागतो. घरात झोपण्याच्या खोलीतला छोटा दिवा लावला, की मांडीवर येऊन बसायचे आणि ओढणीचा पट्टा बांधून घ्यायचा. दिवा विझला, की सुटायचे आणि हुंदडायचे. सुरुवातीला अर्ध्या मिनिटाने दिवा विझवला, मग दोन मिनिटांनी, मग पाच मिनिटांनी. या वयाच्या मुलाला ‘बस’ म्हणून आईने सांगितले तर ते हुज्जत घालते, पण दिव्याने सांगितले तर दिव्याशी हुज्जत घालता येत नाही. विमानात कन्येने वर बोट दाखवून ‘दिया’ म्हटले आणि स्वतःच पोटावर हात ठेवला, तेव्हा आठवडाभराचे श्रम वसूल झाले.

दुसरी तालीम सिटीलिंकच्या, म्हणजे नाशिकच्या शहर बससेवेच्या, बसमध्ये होऊ शकते. दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी निमाणीहून नाशिकरोडला जाणारी बस पकडावी, खिडकीजवळची जागा घ्यावी आणि आपले मूल मांडीवर किती वेळ टिकते, कशाने कंटाळते, कंटाळले की आधी पाय झाडते की आधी केस ओढते, हे घड्याळ लावून पाहावे. आमच्याकडे ही मर्यादा ११ मिनिटे निघाली. पुढचे सगळे नियोजन त्या ११ मिनिटांवर केले.

झोपवून नेण्याविषयी

आजीने सहाण पुढे ओढून जायफळाचे दोन वळसे द्यायची तयारी दाखवली, तर प्रेमाने नाही म्हणावे. जायफळ जास्त झाले तर ते विषारी ठरते आणि उगाळलेल्या थेंबात ते नेमके किती उतरले हे कोणालाच सांगता येत नाही. सर्दीची किंवा ॲलर्जीची गुंगी आणणारी औषधेही केवळ प्रवासासाठी, डॉक्टरांना न विचारता, देऊ नयेत. काही मुलांवर या औषधांचा परिणाम उलटा होऊन ती झोपण्याऐवजी जास्तच चेकाळतात, आणि हे विमानात कळले तर पुढे काहीच करता येत नाही.

पिशवीत काय

पिशवी दोन भागांत भरावी. कपडे, डायपर, ओले रुमाल आणि रिकाम्या प्लॅस्टिक पिशव्या एका भागात. खाऊ आणि खेळ दुसऱ्या भागात. मुलाचे दोन जोड सगळेच घेतात, परंतु स्वतःसाठी एक सदरा किंवा कुर्ता घेण्याचे पालक विसरतात आणि उलटी होते ती बहुधा पालकाच्या अंगावर. मी विसरले होते. नागलीच्या पेजेचा डाग छातीवर मिरवत मी बहिणीच्या घरी पोहोचले.

तो अनुभव जमेस धरून सांगायचे, तर पातळ पदार्थ नेऊच नयेत. तुपात भिजवलेल्या पोळीची सुरळी, दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, मऊ ठेपले, केळे हे उत्तम, कारण ते मुलाच्या हातात देता येते आणि सांडले तरी उचलता येते. चिवडा आणि कुरमुरे हे कोणाच्याही आग्रहाखातर नेऊ नयेत. त्यांचे दाणे आसनाच्या फटीत जातात आणि मूल ते वेचण्यासाठी आसनाखाली जाते. शेंगदाणे या वयात घशात अडकू शकतात. द्राक्षांचेही तसेच आहे. नाशिकच्या घरातून निघताना द्राक्षांचा डबा सोबत असणारच, तेव्हा प्रत्येक द्राक्ष उभे चिरून त्याच्या चार फाका कराव्यात. अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखे बसते. बाळापुरते दूध, पाणी आणि खाऊ सुरक्षा तपासणीतून नेता येतात, मात्र ते वेगळे काढून दाखवायची तयारी ठेवावी.

खेळण्यांच्या बाबतीत महाग आणि चमकदार वस्तूंपेक्षा हाताला काम देणाऱ्या वस्तू जास्त चालतात. रंगकाम करताना कडेला लावतात ती कागदी चिकटपट्टी दहा-वीस रुपयांत मिळते. तिचे तुकडे समोरच्या फळीवर चिकटवून द्यावेत आणि मुलाने ते नखाने सोलून काढावेत. निघताना डाग राहत नाही. झाकण फिरवायच्या दोन-तीन प्लॅस्टिकच्या डब्या, एकीत बोटभर लांबीचा रंगीत चिंध्यांचा गुंता, आणि पूर्वी न पाहिलेले एखादे जाड पानांचे चित्रपुस्तक इतके पुरे. स्टीलच्या डब्या नकोत. पडल्या की सगळे विमान वळून पाहते. चेंडू आणि गोल खडूही नकोत, ते तीन ओळी मागे घरंगळत जातात. प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी पुडी करावी, कारण पुडी सोडण्यातच दोन-तीन मिनिटे जातात. आमच्या ११ मिनिटांच्या हिशेबाने उड्डाणासाठी दोन, उतरण्यासाठी तीन आणि मध्येच खोळंबा झाला तर दोन अशा सात पुड्या झाल्या. मोबाइलवरची चित्रफीत आधी उतरवून ठेवावी, पण ती शेवटच्या पुडीनंतर. आधी दाखवली तर बाकी सगळ्या वस्तू फिक्या पडतात.

विमानतळावर

द्वारका, आडगाव करत मुंबई-आग्रा महामार्गाने ओझरला पोहोचायला अर्धा-पाऊण तास लागतो. या वाटेत मुलाला डुलकी लागू देऊ नये. वीस मिनिटांची डुलकी पुढच्या तीन तासांना पुरेल इतका उत्साह देऊन जाते. आम्ही मधल्या आसनावर मागे वळून गाणी म्हणत होतो, बागांमधली द्राक्षे मोजत होतो, आणि तरीही दहाव्या मैलाजवळ तिचे डोळे मिटायला लागले तेव्हा काच खाली करून तोंडावर वारा घेतला. सामान देण्याची खिडकी विमान सुटण्याच्या सुमारे तासभर आधी बंद होते, म्हणून दोन तास हाताशी ठेवून पोहोचावे. ओझर हे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे आणि हवाई दलाचे ठिकाण आहे. लढाऊ विमानाचा आवाज अचानक आला तर मूल दचकते. त्याला आधीच सांगून ठेवावे. फोटो काढण्याबाबत किंवा खिडकीचे झाकण खाली घेण्याबाबत कर्मचाऱ्यांनी सूचना दिली तर ती मुकाट्याने पाळावी, मग मूल कितीही हिरमुसले तरी.

बाबागाडीची ओझरला गरज भासत नाही, पण उतरल्यावर हैदराबाद, दिल्ली किंवा बंगळूरूसारख्या अवाढव्य विमानतळावर तिच्यावाचून हाल होतात. ती घडी होणारी असावी, तपासणीच्या यंत्रातून घडी करूनच जाते.

सुरक्षा तपासणीत आमचे खरे पाणी जोखले गेले. कन्येचा कापडी हत्ती यंत्रातून जायला हवा होता आणि ती तो सोडायला तयार नव्हती. बोटे एकेक करून सोडवावी तर दुसऱ्या हाताने सोंड धरायची. रांग तुंबली. शेवटी तपासणीला उभ्या असलेल्या ताईंनी प्लॅस्टिकचा ट्रे तिच्या उंचीला धरला आणि ‘हत्तीला गाडीत बसव’ म्हणून सांगितले. तिने स्वतःच्या हाताने हत्ती ट्रेमध्ये निजवला, त्याला टाटा केला आणि पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला धावत जाऊन उभी राहिली. वस्तू हिसकावून घेण्यापेक्षा मुलाच्या हातून ट्रेमध्ये ठेवून घ्यावी. महिलांची अंगतपासणी पडद्याआड होते आणि मूल आईसोबत आत जाऊ शकते. वडिलांनी तोवर पुढे जाऊन सामान उचलावे. पॉवर बँक मोठ्या बॅगेत न देता हातातल्या सामानातच ठेवावी लागते, हे घरूनच पाहावे.

तपासणी झाली, की पळू द्यावे. मोकळ्या कोपऱ्यात, एका मोठ्या माणसाच्या नजरेखाली, खुर्च्यांच्या रांगेला फेऱ्या मारत, खांबाला शिवून परत येत. लोक पाहतात; पाहू द्यावे. विमानात शांत बसलेले मूल त्यांनाही आवडणारच आहे. आत जाण्याच्या पंधरा मिनिटे आधी डायपर बदलून घ्यावे, कारण विमानातले स्वच्छतागृह म्हणजे दोन हात पसरले की भिंतींना लागतात इतकी जागा.

लहान मूल असलेल्यांना आत सोडताना आधी बोलावतात. हा मान नाकारावा. एका पालकाने सगळे सामान घेऊन आधी जावे, जागा पुसून घ्याव्यात, पुड्या समोरच्या खिशात रचाव्यात. दुसऱ्याने मुलासह जवळजवळ शेवटी यावे. आत विनाकारण बसून राहण्याची वीस मिनिटे वाचतात, आणि ती बाहेर पळण्यात घालवता येतात. दोघांनी आपापले बोर्डिंग पास वेगळे ठेवावेत एवढेच.

हवेत

मांडीवरच्या मुलासाठी कर्मचारी एक छोटा जोडपट्टा देतात. तो आपल्या पट्ट्यातून ओवून मुलाच्या पोटावर बांधायचा असतो. आपल्याच पट्ट्यात मुलालाही गुंडाळणे धोक्याचे असते, कारण झटका बसला तर आपल्या अंगाचा भार त्याच्यावर येतो. बसल्याबरोबर मुलाचे बूट काढावेत. लाथा थांबत नाहीत, पण समोरच्याला लागत नाहीत. समोरच्या गृहस्थांना एकदा मागून नमस्कार करून ‘काका, त्रास झाला तर सांगा’ म्हणून ठेवावे. एकदाच. दर पाच मिनिटांनी क्षमा मागणारे पालक मुलापेक्षा जास्त व्यत्यय आणतात.

उड्डाणाच्या वेळी दोन पुड्या आणि खिडकी पुरते. ओझरहून वर जाताना खाली द्राक्षबागांचे चौकोन, शेततळ्यांचे निळे तुकडे आणि सातमाळा डोंगररांगेच्या बाजूला किल्ल्यांची टोके दिसतात, आणि त्यांतले प्रत्येक बोट दाखवून सांगितले की मुलाला काम मिळते. दिवा विझला की पट्टा सोडावा. मधल्या वेळात पुड्या जपून ठेवाव्यात आणि फुकटच्या गोष्टी वापराव्यात, म्हणजे खिशातल्या कागदी पिशवीची हाताच्या पंजावर चढवलेली बाहुली, किंवा मार्गिकेतून शेपटापर्यंत एक फेरी. आपले बोट धरून चालणे ठीक आहे. खाण्याची गाडी येत असेल तेव्हा मात्र उठूच नये, तिच्यावर गरम पाणी असते.

उतरणे हा खरा कठीण भाग. वर जाताना कानातली हवा सहज बाहेर पडते, पण खाली येताना बाहेरचा दाब वाढतो आणि कान व घसा यांना जोडणारी नळी उघडल्याशिवाय आतला दाब जुळत नाही. मुलांची ही नळी अरुंद असते, आणि ती उघडते ती गिळताना. विमान खाली यायला लागते ते उतरण्याच्या सुमारे २५-३० मिनिटे आधी. कप्तानाने सूचना दिली की खाऊ काढावा, त्याआधी नाही. आम्ही सगळी दशमी आधीच संपवून बसलो होतो. कन्या कान दाबून धरायला लागली, ओठ वाकडा झाला, आणि तिच्या बाटलीतले पाणी तिला नको होते. मग तिच्या बाबांनी बाटलीचे झाकण उलटे करून त्यात चमचाभर पाणी ओतले आणि ते स्वतः प्यायले. झाकणातून पाणी पिणे हा प्रकार तिने कधी पाहिला नव्हता. दुसरे झाकण तिने मागितले, मग तिसरे. एकेक घोट, प्रत्येक घोटाला कान थोडा मोकळा. साधारण पंधरा झाकणे झाली असतील. अंगावर पीत असलेल्या बाळाला या वेळी पाजावे, त्याहून सोपे काही नाही. झोपेत गिळणे कमी होते, म्हणून सर्दी असलेले मूल झोपले असेल तर विमान खाली येऊ लागताच त्याला उठवावे. कान दुखत असेल किंवा सर्दी भरलेली असेल, तर प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधीच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

विमान थांबले की सगळे एकदम उभे राहतात. आपण बसून राहावे. उरलेली पुडी आत्ता उघडावी, सगळे उतरल्यावर खाली वाकून आसनाखाली पाहावे (आम्हाला हत्ती तिथेच सापडला), आणि सामानाच्या पट्ट्याकडे एकाने जावे, दुसऱ्याने मुलाला पळू द्यावे.

परतीसाठी दोन-तीन पुड्या वेगळ्या काढून मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवाव्यात आणि त्या बॅगेला कुलूप लावावे. आमच्या परतीच्या पुड्या पहिल्याच संध्याकाळी मावशीने कौतुकाने उघडून दाखवल्या होत्या, त्यामुळे हैदराबाद ते ओझर हा प्रवास आम्ही एका चिकटपट्टीवर आणि पाण्याच्या झाकणावर केला.